द्वीपांतरीचा एक दिवस

शास्त्रीय लेख, रुग्णानुभव आणि औषधिनिर्माणविषयक टिपणे यांनी भरलेल्या या पानांत प्रवासवर्णनास जागा मागताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. तरीही हा लेखप्रपंच करीत आहोत. ज्या एका दिवसाची हकिकत सांगावयाची आहे, त्या दिवशी आम्ही पर्यटनस्थळे थोडी पाहिली आणि वनौषधींचा बाजारच अधिक पाहिला. तेथे आम्हांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आपणां सर्वांच्या दवाखान्यात व फार्मसीत रोज उभा असतो.

आम्ही उभयता सोलापुरात गेली अनेक वर्षे चिकित्सा व्यवसाय करीत आहोत. घरची लहानशी फार्मसीही आहे. यूरोपात नोकरीस असलेली कन्या व जावई यांनी आमच्या विवाहाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त लिस्बनहून ब्राझीलला जाणाऱ्या प्रवासी जहाजाची दोन तिकिटे काढली. यूरोपात थंडी पडू लागली की ही मोठी जहाजे अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या उन्हाळ्याकडे जातात. सोलापूरच्या वैद्यकक्षेत्रास समुद्र ओलांडणे नवे नाही. १९३८ साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबई बंदरातून चीनकडे निघाले, ते जखमी सैनिकांच्या सेवेसाठी, आणि तिकडेच देह ठेवते झाले. आमचे जाणे केवळ सहलीसाठी होते, हे आधीच सांगितलेले बरे.

कित्येक दिवस चहूकडे केवळ पाणी पाहिल्यावर २३ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी जहाज साल्वादोर बंदरास लागले. पंचांग सोबत होतेच. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दुपार टळत होती. पंढरपुरी चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांची दाटी झाली असेल, असे मनात आले. साल्वादोर हे शहर ज्या उपसागरावर वसले आहे, त्याचे पोर्तुगीज नाव ‘सर्व संतांचा उपसागर’ असे आहे. १५०१ साली १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती पंचांगातील सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज जहाजे येथे आली म्हणून हे नाव पडले. उपसागर या अर्थाचा त्यांचा शब्द ‘बाईया’, आणि तेच या प्रांताचेही नाव. एकादशीस सर्व संतांच्या दारी जहाज लागले, या योगायोगाने सौ.नी डेकवरूनच हात जोडले.

जहाज सायंकाळी सुटणार होते. हाती जेमतेम नऊ तास होते.

वरचे शहर आणि जुनी औषधशाळा

साल्वादोर शहराचे दोन थर आहेत. खाली बंदर व पेठ, आणि उंच कड्यावर जुने शहर. दोहोंना जोडणारा लासेर्दा नावाचा सार्वजनिक उद्वाहक १८७३ साली सुरू झाला. तो ७२ मीटर उंचीचा असून आजही लोकांची रोजची ये-जा त्यातून चालते. इंग्रजी जाणणारी एक तरुण वाटाड्या मुलगी आम्ही दिवसभरासाठी सोबत घेतली होती. तिने प्रथम आम्हांस वर नेले.

१५४९ पासून १७६३ पर्यंत हे शहर पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होते. वरच्या शहरात एका प्रशस्त चौकाशी जेझुइट पाद्र्यांचे जुने विद्यालय होते. त्याच जागी १८०८ साली ब्राझीलमधील पहिल्या वैद्यकीय विद्यालयाचा आरंभ झाला. त्या इमारतीसमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो, कारण विद्यालयाच्या आधी येथे जेझुइटांची औषधशाळा होती आणि तिची कीर्ती आमच्या वाचनात आली होती. ‘त्रियागा ब्राझीलिका’ नावाचा एक अनेक द्रव्यांचा कल्प या औषधशाळेत तयार होई. विषबाधा, सर्पदंश आणि ज्वर यांवर तो देत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा एक अगदकल्प. यूरोपात अशा अगदाचा पाठ प्राचीन काळापासून रूढ होता. परंतु त्यातील अनेक द्रव्ये ब्राझीलमध्ये मिळेनात, आणि जहाजातून येईतो जुनी होत. म्हणून येथील पाद्र्यांनी स्थानिक मुळे, साली व बिया घेऊन नवा पाठ बसविला आणि त्यास नावही ‘ब्राझीलचा अगद’ असे निराळे दिले. मूळ कल्पाच्या नावाखाली तो खपविला नाही. ही गोष्ट पुढे आम्हांस फार उपयोगी पडली.

१७५९ साली पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाली. त्यानंतर १७६६ मध्ये रोम येथे त्यांच्या औषधशाळांतील पाठांचा एक हस्तलिखित संग्रह सिद्ध झाला. पोर्तुगाल, भारत, मकाव आणि ब्राझील येथील पाठ त्यात एकत्र आहेत. गोव्याच्या पाद्र्यांच्या औषधशाळेतील, गास्पार आंतोनियो यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘गोव्याचा खडा’ त्यात येतो आणि बाईयाचा अगदही येतो. कस्तुरी, अंबर, रत्ने व गोरोचनासारखे प्राणिज खडे घालून केलेला गोव्याचा हा कल्प त्या काळी यूरोपातील श्रीमंत सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवीत. गोमंतक आणि बाईया हे एकाच औषधी मार्गावरील दोन मुक्काम होते, हे त्या चौकात उभे राहिल्यावर प्रथमच स्पष्ट झाले.

गोव्याची जहाजे या किनाऱ्यास

हा मार्ग जहाजांचाच होता. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरत. पाणी, अन्न, दुरुस्ती आणि व्यापार यांसाठी त्यांतील अनेक जहाजे बाईयाला थांबू लागली, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे थांबणे नेहमीचे झाले. म्हणजे आमच्याप्रमाणेच या किनाऱ्यावर उतरून चार पावले चाललेले गोमंतकीय खलाशी व नोकर आमच्या तीनशे वर्षे आधी होऊन गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाज्ञेने दालचिनी व मिरीची रोपे गोव्याहून येथे आणली गेली आणि त्यांची निगा जाणणारी कोकणपट्टीतील माणसेही सोबत आली. जेझुइटांच्या ज्या मळ्यात ही लागवड झाली, त्या मळ्याच्या वास्तूत आज बाईया राज्याचे दप्तरखाने आहे.

रस्त्याने जाताना आम्ही झाडे ओळखू लागलो आणि आश्चर्य वाढत गेले. आंब्यास हे लोक ‘मांगा’ म्हणतात आणि फणसास ‘जाका’. दोन्ही शब्द मलबारातील मांगा आणि चक्का यांवरून आलेले. फणस तर तेथील रानांत असा माजला आहे की, कित्येक ठिकाणी तो त्रासदायक परकी वृक्ष ठरला आहे. उलट, काजूस तेथे ‘काजू’च म्हणतात. हा शब्द त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतला. गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिसंवादांत काजू आढळत नाही. १५७८ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तोव्हाव द कोश्ता यांच्या ग्रंथात मात्र तो कोचीनच्या बागांत आल्याचे दिसते. अननसाचे नावही असेच त्या बाजूच्या भाषांतून आलेले.

वैद्यांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. काजू आणि आपला बिब्बा एकाच कुळातील. दोन्हींच्या कवचातील तेल त्वचेवर फोड आणणारे. यूरोपातील औषधविक्रेते ‘ॲनाकार्डियम’ हे नाव पूर्वापार बिब्ब्यासच वापरीत असत. १७५३ साली लिनियसने ते काजूस दिले, आणि बिब्ब्याच्या वाट्यास पुढे ‘सेमेकार्पस’ हे दुसरे नाव आले. जुन्या यूरोपीय ग्रंथात ‘ॲनाकार्डियम’ वाचून कोणी काजू घेईल, तर भल्लातकाचा पाठ काजूवर चालेल. नाव एका द्रव्यावरून उठून दुसऱ्यावर बसले की शास्त्राचे काय होते, याचे हे नामी उदाहरण होय.

पानांचा बाजार

दुपारी आम्ही खाली उतरून उपसागराच्या काठी असलेल्या साँव जोआकीं बाजारात गेलो. आमच्या मंगळवार बाजाराची आठवण व्हावी असा हा बाजार. अरुंद बोळ, वर पत्रे व ताडपत्र्या, खाली चिखल, एकीकडे मासळी, दुसरीकडे मातीची भांडी. आत गेल्यावर ताज्या पानांच्या जुड्यांनी भरलेली दुकानांची एक ओळ लागते. तेथे वास्तविक औषधालय आणि देवालय एकाच ठिकाणी नांदते.

याचे कारण इतिहासात आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या असंख्य माणसांना या बंदरात उतरविण्यात आले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. आम्ही सकाळी ज्या जुन्या वस्तीतून फिरलो तिचे नाव ‘पेलोरीन्यो’. त्याचा अर्थ, फटके मारण्यासाठी उभारलेला खांब. या माणसांजवळ उतरताना सामान नव्हते, ग्रंथ नव्हते. स्मरणात मात्र आपली दैवते आणि त्या दैवतांची पाने होती. पान नाही तर दैवत नाही, अशा अर्थाची म्हण त्यांच्यात आहे. परंतु नव्या भूमीत जुनी पाने कोठून मिळणार? काही समुद्रापलीकडून आली. काही त्यांना येथेच रानात उगवलेली आढळली. जी मिळाली नाहीत, त्यांच्या जागी त्यांनी रस, गंध, रूप आणि गुण पाहून येथील पाने निवडली.

प्रतिनिधी द्रव्यांची कल्पना आपणांस सांगावयास नको. अष्टवर्गातील मेदा-महामेदा मिळत नाहीत तर शतावरी घ्यावी, जीवक-ऋषभक नाहीत तर विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोली नाहीत तर अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धी नाहीत तर वाराहीकंद, अशी व्यवस्था भावमिश्रांनी लावून दिली. ग्रंथाच्या आधारावाचून, पारतंत्र्यात, मार खाऊन त्या माणसांनी तोच विचार केला. त्या दुकानांपुढे उभे असता आमच्या मनात करुणेबरोबर आदरही दाटून आला.

एका दुकानात पासष्टीच्या पुढील एक आजी बसल्या होत्या. पांढरे लुगडेवजा वस्त्र, डोक्यास पांढरा फडका. समोरच्या जुड्यांतील एक जाड, लवदार, कातरलेल्या कडेचे पान सौ.नी हाती घेऊन चुरगाळले. वास ओळखीचा वाटला. आमच्या अंगणातील पानओव्याच्या कुळातील खास. वाटाड्या मुलीने नाव विचारले. आजी म्हणाल्या, “बोल्डो.”

आम्ही चमकलो. बोल्डो हा चिली देशातील वृक्ष, त्याची पाने यकृतविकारांत व अग्निमांद्यात देतात, एवढे आम्हांस वाचून ठाऊक होते. हे तर वीत-दोन वीत वाढणारे लवदार झुडूप! सौ.नी मुलीकरवी विचारले, “आजी, बोल्डो तर झाड असते ना? हे कसे बोल्डो?”

आजींनी मागे वळून एक कागदी पुडी काढली. तीत जाड, कडक, सुकी पाने होती. ती आमच्यापुढे ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, “हा चिलीचा बोल्डो. तो लांबून येतो, सुकून येतो. आणि हा ‘बोल्डो दा तेर्रा’, या मातीतला. पोटाला दोन्ही कडू, म्हणून नाव एक. पण दोन्ही एक नव्हेत. कोणी मागितले तर कोणता हवा, ते मी आधी विचारते.” मग हिरवे पान उचलून म्हणाल्या, “आणि देवाला वाहायचे असेल तर याला तिसरेच नाव आहे.”

ते हिरवे पान पाहता पाहता आमच्या ध्यानात आले की, ही वनस्पती आपल्याकडीलच. वनस्पतिशास्त्रात कोलियस किंवा प्लेक्ट्रांथस बार्बाटस आणि कोलियस फोर्स्कोली या नावांनी ओळखली जाणारी. गुजरातेत ‘गरमर’ म्हणून हिच्या मुळांचे लोणचे घालतात. आपल्याकडे ती माईनमूळ म्हणून ओळखली जाते. १९७० च्या दशकात मुंबईच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात हिच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि जगभर त्यावर संशोधन झाले. भारत व आफ्रिका येथे उगवणारी ही वनस्पती बाईयाच्या बाजारात चिलीच्या वृक्षाचे नाव घेऊन बसली होती. पण विकणाऱ्या आजींनी त्या नावापुढे ‘या मातीतला’ हा शब्द जोडून फसवणुकीची वाट बंद केली होती. अक्षरओळख त्यांस फारशी नसावी. औषधिविक्रेत्याचा धर्म मात्र त्यांस पूर्ण अवगत होता.

एकादशीचा फराळ

एव्हाना भूक लागली होती. उपवास आहे, धान्य खावयाचे नाही, मांसमत्स्य तर नाहीच, हे ऐकून वाटाड्या मुलगी जराही गोंधळली नाही. तिने एका गाडीवर तव्यावर पसरलेली पांढरी शुभ्र घडी आणून दिली. आत ओले खोबरे. ही कसाव्याच्या कंदाच्या सत्त्वाची, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच पिठाची पोळी. सोबत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, त्या गावी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. वर शहाळ्याचे पाणी. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. समुद्रापार, परक्या गावी, एकादशी इतकी यथासांग कशी घडली?

उत्तर सरळ होते. आपल्या उपवासाचे पदार्थच मुळी अमेरिका खंडाचे! साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तेथील अँडीज पर्वतराजीचा. रताळे, हिरवी मिरची आणि राजगिरा यांचे मूळही अमेरिका खंडातच. ज्या खिचडीच्या भरवशावर पंढरीच्या वाटेवर एकादशी पार पडते, त्या खिचडीतील जिरे, तूप आणि मीठ वगळता बाकी सारे जहाजातून आलेले आहे. आणि सोलापूरची म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो ती शेंगाचटणी? शेंगदाणा व तिखट दोन्ही तिकडचेच. लसूण, जिरे आणि उखळातील कूट मात्र आपले. चटणीची एक पुडी आमच्या पिशवीत होती. लसणीमुळे ती आम्हांस त्या दिवशी वर्ज्य, म्हणून परत जाऊन आजींना दिली. बोटावर घेऊन चाखताच त्या हसल्या आणि आपल्या भाषेत शेंगदाणा व मिरची यांची नावे त्यांनी बरोबर उच्चारली. सासरी गेलेली लेक माहेरी आली की माउली जशी ओळखते, तशी त्यांनी ती दोन्ही द्रव्ये ओळखली.

परंतु या फराळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कसाव्याच्या कडू जातीत विष असते. कच्चा कंद चुकीच्या रीतीने खाल्ला तर त्यातून सायनाइड सुटते. तेथील मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी यावर शोधन शोधून काढले. कंद किसावयाचा, वेताच्या लांबट विणलेल्या पिशवीत भरून ताणून पिळावयाचा, विषारी रस काढून टाकावयाचा आणि मग मोठ्या कढईत भाजावयाचा. बाजारात पोत्यांनी मांडलेले कसाव्याचे पीठ या संस्कारातून गेलेले असते. पोर्तुगीजांनी हा कंद आफ्रिकेत नेला. तेथे अनेक ठिकाणी लोकांनी आपापल्या शोधनाच्या रीती बसविल्या. मात्र दुष्काळात, घाईत, अपुरे शोधन करून कडू कसावा खाण्याची पाळी आली, तेव्हा पायांचा कायमचा पक्षाघात आणणारा ‘कोंझो’ हा विकार उद्भवला. १९३८ साली बेल्जियन काँगोमध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली आणि आजही तो पूर्णपणे गेलेला नाही. संस्काराने द्रव्यात गुणांतर होते, हे चरकाचार्यांचे सांगणे आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. संस्कार सुटला की काय होते, हे पाहावयाचे असेल तर कसाव्याचा इतिहास वाचावा.

आमच्याच घरचा पिवळा धोत्रा

परतीच्या वाटेवर सौ. गप्प होत्या. आम्हीही. दोघांच्याही मनात एकच जुनी गोष्ट आली होती, ती येथे कबूल करणे कर्तव्य समजतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या फार्मसीत त्वचाविकारावरील एका बाह्योपयोगी तेलासाठी स्वर्णक्षीरीचे मूळ हवे होते. एका व्यापाऱ्याकडून पोते आले. चिठ्ठीवर ‘स्वर्णक्षीरी’ लिहिलेले होते, एवढे आम्हांस पुरे झाले. पोते उघडे असता दवाखान्यात बसलेल्या, मंद्रूपकडील एका शेतकरी रुग्णाने मुळी हाती घेतली आणि म्हटले, “वैद्यबुवा, हा तर आमच्या बांधावरचा पिवळा धोत्रा. जनावर याला तोंड लावत नाही. हे पैसे देऊन कशाला घेता?” आम्ही त्यास दोन संस्कृत नावे ऐकवून गप्प केले. तो बिचारा, “तुम्ही शिकलेले, तुम्हांला जास्त कळणार,” एवढे बोलून बसून राहिला. तेल तयार झाले, विकले गेले.

१९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीतेलाने जलोदरासारख्या शोथाची साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. ती भेसळ पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची होती. वर्तमानपत्रात त्या वनस्पतीचे चित्र पाहून आमच्या पोटात गोळा आला. आमच्या तेलात मूळ होते, बी नव्हते. ते पोटात घ्यावयाचे नव्हते. आणि आमच्या माहितीत कोणास अपाय झाला नाही. परंतु हे आमचे सुदैव, दक्षता नव्हे. उरलेला माल आम्ही पुरून टाकला. त्या शेतकऱ्याची क्षमा मागावी म्हणून चौकशी केली, तेव्हा तो हयात नव्हता.

पिवळा धोत्राच स्वर्णक्षीरी होय, असे अनेक ग्रंथांत आजही लिहिलेले आढळते. त्यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि त्या वादात येथे शिरावयाचे नाही. पण एवढे निर्विवाद की, ही वनस्पती अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, तेव्हा संहिताकारांना ती ठाऊक असणे शक्य नाही. तिच्यात गुण नाहीत असे आम्ही म्हणत नाही. आमचा अपराध निराळा होता. जे द्रव्य चरकांनी पाहिले नाही, ते चरकांच्या नावाने आम्ही विकले. आणि ज्याने ते ओळखले होते त्यास गप्प बसविले. औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे. केवळ नामरूपाने प्रयोग कळत नाही, हे त्यांचे पुढील सांगणे आम्हांस पाठ होते. पण नामरूपासाठी गुराख्याकडे जावे लागते, हा त्यातील पूर्वार्ध आम्ही सोयीस्कर विसरलो होतो.

भावमिश्रांची वाट

मग परदेशी द्रव्य वापरूच नये काय? आमचे उत्तर तसे मुळीच नाही. जगात औषध नाही असे द्रव्य नाही, ही आपल्या शास्त्राची भूमिका. सोळाव्या शतकात समुद्रमार्गे फिरंग रोग आपल्याकडे आला. त्याचे वर्णन भावमिश्रांनी केले आणि त्यावर चोपचिनी सांगितली. हे मूळ चीनकडून येई आणि गोव्याच्या बाजारात ते १५३५ च्या सुमारास पोहोचले, असे ओर्ता सांगतात. भावमिश्रांनी तिला कोणत्याही प्राचीन संहितेतील वनस्पतीच्या नावाखाली दडविले नाही. तिचे नाव त्यांनी ‘द्वीपांतर-वचा’ असे ठेवले. दुसऱ्या द्वीपाहून आलेली वचा. रूपसाम्य सांगितले, परकेपण सांगितले, गुण सांगितले. एका सामासिक शब्दात संपूर्ण प्रामाणिक लेबल!

बाईयाच्या आजींचा ‘या मातीतला बोल्डो’, पाद्र्यांचा ‘ब्राझीलचा अगद’ आणि भावमिश्रांची ‘द्वीपांतर-वचा’ ही तिन्ही नावे एकच धर्म सांगतात. नवे द्रव्य अवश्य घ्यावे, पण त्यास त्याचे स्वतःचे नाव द्यावे. आणि द्रव्याबरोबर त्याचा संस्कारही विचारून घ्यावा.

फार्मसीमालक बंधूंना म्हणून काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात. २००० साली लागू झालेल्या शेड्यूल ‘टी’मुळे कच्च्या मालाची नोंद आपण सर्वच ठेवतो, पण त्या नोंदीत व्यापाऱ्याने लिहिलेले नावच उतरत असेल तर ती नोंद कागदाचे पोट भरते, एवढेच. प्रत्येक द्रव्यापुढे वनस्पतिशास्त्रीय नाव, वापरलेला भाग, कोठून व कोणत्या ऋतूत आला, हे लिहावे. ओळख पटलेल्या द्रव्याचा नमुना बाटलीत जपून ठेवावा आणि नवा माल त्याच्याशी ताडून पाहावा. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळलेल्या असतात, हे आपण जाणतो. पक्व मिरी पाण्यात बुडते व पपईची बी तरंगते, ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. तीही किती जण करतात? पपईदेखील अमेरिकेचीच, हे जाता जाता सांगावेसे वाटते. प्रतिनिधी द्रव्य वापरले असेल तर ते लेबलावर स्पष्ट छापावे. त्यात कमीपणा नाही. आणि पोत्यातील मुळी पाहून एखादा शेतकरी काही बोलला, तर त्यास खुर्ची देऊन ऐकून घ्यावे.

सायंकाळी जहाजाने नांगर उचलला. कड्यावरचे शहर दिव्यांनी उजळले होते. ज्यांना त्या किनाऱ्यावर उतरविले गेले आणि पुन्हा जहाजात चढता आले नाही, त्यांची आठवण होऊन मन जड झाले. आम्हांस परतीचे तिकीट होते. सौ.नी निघताना आजींकडून हिरव्या बोल्डोची एक जुडी घेतली होती. परदेशातून वनस्पती आणण्यास मज्जाव असल्याने ती घरापर्यंत येणार नव्हतीच. म्हणून त्यांनी दोन पाने वहीत दाबली, त्यांची रेखाकृती काढली आणि खाली लिहिले: ‘माईनमूळ. बाईयात नाव बोल्डो दा तेर्रा. चिलीचा बोल्डो नव्हे.’ पाने पुढच्या बंदरात काढून टाकली. रेखाकृती आता आमच्या फार्मसीत, कच्च्या मालाच्या खोलीच्या दारावर लावली आहे.

दुसऱ्या दिवशी द्वादशीस जहाजावर पारणे सोडले. ताटात भात होता, वरण होते आणि कडेस तळलेले चार काजू होते.